जावईबापूंची बादली

नाटकात असताना त्यानं एका संध्याकाळी पाच-पाच माणसं केली होती. पोस्टमन, मुका न्हावी, दारू प्यायलेला न्यायाधीश, त्या न्यायाधीशाची आई आणि तिसऱ्या अंकात, दुसरं कुणी तयार होईना म्हणून, कुत्रा. टाळ्या कुत्र्यालाच जास्त पडायच्या, हे त्याला जरा लागायचं. पण न्यायाधीशाच्या आईला बघून पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थानं एकदा डोळे पुसले होते, ते त्यानं जपून ठेवलं होतं. वय एकोणतीस. चेहरा असा, की एकदा भेटलेला माणूस दुसऱ्यांदा ओळख देत नसे. नटाला याहून मोठी देणगी नाही असं त्याचं मत. बाकीच्यांच्या मते त्याची एकूण अडचण तीच होती.

मालिकेत पहिलं काम मिळालं ते तीन दिवसांचं. एका मोठ्या घराचा धाकटा जावई गावाहून येतो, सगळ्यांबरोबर जेवायला बसतो, सासऱ्यांची एक गुप्त गोष्ट बोलता बोलता फोडतो आणि निघून जातो. एवढंच. पण त्यानं त्या जावयाचं चालणं, खाकरणं, घाबरला की चष्मा पुसणं, सगळं घरून बसवून आणलं होतं. तीन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येईल की हा नुसता माणूस नाही, नट आहे, एवढीच त्याची अपेक्षा. फार मोठी नव्हती. आणि तिनंच त्याला पुढचं दीड वर्ष रडवलं.

जेवणघराला तीन भिंती होत्या. चौथीच्या जागी दिवे, तारा, कॅमेरा आणि पाय मुडपून बसलेली दहा-बारा माणसं. खिडकीबाहेर पुठ्ठ्यावर रंगवलेलं झाड. टेबलावर भात, उकडलेले बटाटे, अंडी आणि मधोमध ताटभर लांबीचा एक मासा. प्रॉपर्टीवाला, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक कपबशीचा धनी, पन्नाशीचा सुकलेला गृहस्थ, रंगाऱ्याच्या ब्रशनं त्या माशाला तेल लावत होता. माशाला चकाकी आली. बटाट्यांनाही आली.

आधी सगळं टेबल एकदम दिसेल असा लांबचा शॉट घेतला. सातही माणसं बसली, सासूबाईंनी वाढलं, संवाद सुरू झाले. आणि आपला पठ्ठ्या जेवला.

जेवला म्हणजे खरोखर जेवला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे एक. शिवाय नाटकाची शिस्त. तिथं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तुमचा घास घशाखाली उतरलेला दिसावा लागतो. माशाच्या शेपटीकडचे दोन घास, एक बटाटा, अर्धं अंडं, वर बोट चाटून "वा, सासूबाई" असं म्हणणं. दिग्दर्शक खूश झाला. "कट" म्हणाला.

सासऱ्यांचं काम करणारे नट सत्तरीचे होते. ते हळूच वाकले.

"खाल्लंस?"

"हो."

"म्हणजे गिळलंस?"

"हो. का?"

रेल्वेच्या रुळावर डबा उघडून बसलेल्या माणसाकडे बघावं तसं सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "बाळ, सहा वर्षं या टेबलावर बसतोय. पोटात शीत गेलं नाही. इथं ढवळायचं असतं. ढवळायचं, घास उचलायचा, तोंडापाशी न्यायचा आणि नेमकं तेव्हाच बोलायचं. संवाद कशाला दिलेत मग?"

तोवर नोंदवाली येऊन उभी राहिली. चष्म्याला साखळी, हातात वही. शॉटमध्ये कुणाचा हात कुठे होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, पेल्यात पाणी किती होतं, हे टिपून ठेवायचं आणि पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये ते तसंच्या तसं करून घ्यायचं, हे तिचं काम. या बाबतीत तिला दयामाया नव्हती.

"जावई," ती वाचायला लागली. "'प्रवास कसा झाला'नंतर पहिला घास, मासा, शेपटीकडून. 'बरा झाला' म्हणून दुसरा. सासरे खोकतात तेव्हा बटाटा. थोरली सून पाणी ओतते तेव्हा अंडं. मग उजव्या हाताचं पहिलं बोट चाटणं. बरोबर?"

"बरोबर."

"आता प्रत्येक वेळी एवढंच."

प्रत्येक वेळी म्हणजे काय, ते त्याला अंगावर आल्यावर कळलं. टेबलावर सात माणसं. प्रत्येकाचा चेहरा जवळून घ्यायचा. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा असला तरी कोपऱ्यात जावयाचा हात दिसतो, मग हातात घास हवाच. कुणी संवाद विसरलं, की पुन्हा. वरून विमान गेलं, की पुन्हा. थोरल्या सुनेचं काम करणारी बाई त्या मालिकेची मुख्य नटी. ती चारच्या ठोक्याला दुसऱ्या सेटवर निघून जायची, हा तिथला सूर्यास्त. तिचं संपायच्या आत प्रसंग संपला नाही, तर उरलेला दुसऱ्या दिवशी. तो उरला.

मासा मात्र तोच. फ्रीज होता, पण त्यात मेकअपवालीच्या क्रीमच्या बरण्या. मासा रात्रभर ओल्या फडक्याखाली झोपला. सकाळी त्याचा वरचा डोळा खोबणीत गेला होता, म्हणून प्रॉपर्टीवाल्यानं तिथं एक काळा मणी चिकटवला. वरून पुन्हा तेल. दिव्यांखाली तासाभरात माशातून जो वास उठला तो आधी नाकाला आला, मग जिभेवर बसला आणि शेवटी डोळ्यांत उतरला. सासूबाई प्रत्येक "कट"नंतर नाकाला अत्तराचा रुमाल लावत होत्या. नाकाचा रुमाल काढून त्याच प्रेमळ हातानं वाढत होत्या.

त्या दिवशीच्या नवव्या घासाला प्रॉपर्टीवाल्यानं टेबलाखाली पायानं काहीतरी सरकवलं. लाल प्लास्टिकची बादली.

"गिळू नका," तो पुटपुटला. "'कट' म्हटलं, की यात."

मग ते सुरू झालं. हसायचं, चावायचं, डोळे मिटून "वा, सासूबाई" म्हणायचं, "कट" ऐकलं की वाकायचं. वर येऊन तोंड पुसायचं, पुन्हा हसायचं. टेबलाच्या वर जावई आणि टेबलाखाली बादली, मधे एका कापडाची आड. पहिल्या दिवशी एकोणीस घास, दुसऱ्या दिवशी चोवीस. नोंदवालीच्या वहीत त्रेचाळीस घास आहेत. बादलीत किती, ते तिनं लिहिलं नाही.

एवढं सगळं होऊन मालिकेत तो प्रसंग दिसला, आणि लोक त्या जावयावर खूश झाले. त्याच्या चष्मा पुसण्यावर नाही, खाकरण्यावर नाही. "काय मन लावून जेवतो हो." वाहिनीच्या बाईंचा दिग्दर्शकाला फोन आला, की जावयाला ठेवा, आणि रोज जेवायला बसवा. तीन दिवसांचा पाहुणा कायमचा झाला. सेटवरचे सगळे त्याला 'जावईबापू' म्हणायला लागले, पुढे नुसतं 'बापू'. खऱ्या आयुष्यात त्याचं लग्नही ठरलं नव्हतं.

बापूच्या मनात आलं, आता नको म्हणावं, किंवा निदान ढवळावं. पण वर्षानुवर्षं दारं ठोठावल्यावर एक उघडलं होतं. ते आपण होऊन लोटायची हिंमत होईना. आणि जावई नुसता ढवळायला लागला की दिग्दर्शक म्हणायचा, "बापू, आज मूड नाही का? ते बोट चाटणं कुठे गेलं?" बोट परत यायचं.

सिनेमातूनही बोलावणं आलं. एका वर्षात तीन सिनेमे, तीन वेगवेगळी माणसं. एक पोलीस, एक कारखानदार, एक भूत. तिघंही जेवत होते. भूत कशाला जेवेल, असं त्यानं विचारून बघितलं. दिग्दर्शक म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून." पोलिसाचा आवाज त्यानं घशातून काढला होता, कारखानदाराचा नाकातून. भुताला त्यानं जुन्या सवयीनं थोडा कुत्रा दिला होता. परीक्षणात तिघांबद्दल मिळून एकच ओळ आली: 'खाण्याचे प्रसंग झकास'.

घरी आई होती. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एका खिडकीत टीव्ही. शाळेच्या कचेरीत बत्तीस वर्षं हजेरीपट सांभाळून निवृत्त झालेली बाई. तिच्या नजरेतून गैरहजर माणूस सुटत नसे. साडेसातला मालिका लागली की ती हात पुसून समोर बसायची. मालिका संपली की बापू घरी येऊन ताटाकडे बघायचा, आणि ताट लांब सारायचा. तेलाची चकाकी दिसली तरी त्याला बादली आठवायची. तो भाजलेल्या कोरड्या पावावर आणि केळ्यांवर जगत होता. केळं सोलून येतं. त्याला कुणी ब्रश लावलेला नसतो.

"त्या बाईच्या हातचं कसं चाटूनपुसून खातोस," आई म्हणायची. "डोळे काय मिटतोस, बोट काय चाटतोस. इथं आलं की उपास."

"आई, ते काम आहे."

"तेच म्हणते मी. बाहेर कामं करावीत, घरी आळस."

"तसं नाही गं."

"मी कुठे काय म्हणतेय? मला मेलीला मासा करता येत नाही, एवढंच."

मग तिनं मासा केला. मालिकेत होता तसा, अख्खा. बापू घरात शिरला, वास आला, आणि तो चपला न काढता माघारी गेला. खाली शिंप्याच्या दुकानात शिलाईयंत्रावर हात ठेवून पाच मिनिटं उभा राहिला. वर आला तेव्हा आईनं मासा झाकून ठेवला होता. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

असा सगळा कारभार चाललेला असताना एका सिनेमावाल्या बाईंचा निरोप आला.

या बाई पाच वर्षांतून एक सिनेमा करायच्या. पण जो करायच्या, त्यातल्या नटाला पुढे कुणी 'हा काय काम करतो' असं विचारत नसे. नव्या सिनेमात पोस्टातला एक कारकून होता. तरुणपणी त्यानं दुसऱ्याचं एक पत्र दाबून ठेवलेलं असतं, आणि पंचविसाव्या वर्षापासून साठीपर्यंत तो ते कुणालाही कळू देत नाही. बाहेरून हसतमुख, आतून सडलेला. ही पस्तीस वर्षं एकाच नटानं करायची. बापूनं पहिल्यांदा वाचलं तेव्हाच त्याचे खांदे आपोआप थोडे वाकले. त्यानं जुन्या नाटकाची ध्वनिचित्रफीत पाठवली, पाचही माणसांसकट.

बाईंनी फोन केला. "चित्रफितीत सगळेच बरे दिसतात. काम करताना बघते. मंगळवारी तुमच्या सेटवर येईन."

बापूनं दिग्दर्शकाच्या हातापाया पडून मंगळवारचा प्रसंग बदलता येतो का विचारलं. जिन्यावरचा असता, भांडणाचा असता, अगदी झोपेचा असता तरी चाललं असतं. बदलता येत नव्हतं. मंगळवारी जेवणच होतं. तेही तिसऱ्या दिवसाचं, कारण रविवारी सुरू केलेला प्रसंग थोरली सून दोन्ही दिवस चारला गेल्यामुळे लोंबकळत राहिला होता. मासाही रविवारचाच.

"बापू," प्रॉपर्टीवाला सकाळी म्हणाला, "आज नुसता ओठाला लावा. मीच हात घालताना नाक धरतोय."

नोंदवालीनं वही उघडली. "रविवारी तीन घास घेतलेत. तिसरा पोटाकडचा. मग 'अजून वाढा'."

"ताई, एवढं एक सोडा ना आज."

"मी सोडलं तरी प्रेक्षक सोडतात का? पत्रं येतात मला."

सिनेमावाल्या बाई आल्या, कॅमेऱ्यामागे एका खुर्चीत बसल्या. साधी साडी, मांडीवर पिशवी. बापूला त्यांचे फक्त डोळे दिसत होते. त्यानं ठरवलं, जे आहे त्यातच दाखवायचं. माशाला बोट लावलं तेव्हा मांस काट्यावरून आपण होऊन सुटून आलं. आत ते करडं होतं, आणि गरम नसून कोमट होतं. दिव्यांनी कोमट झालेलं. ते जिभेवर ठेवल्यावर त्याचं लोणी झालं. बापूचं सगळं अंग मागे खेचत होतं. आणि चेहऱ्यावर? चेहऱ्यावर जावई. त्यानं घास तोंडात हळूहळू फिरवला, डोळे मिटले, भुवया समाधानानं वर नेल्या, बोट चाटलं. "सासूबाई, अजून वाढा." आवाजात कुठे ओरखडा नाही. असलं काम आपण जन्मात केलेलं नाही, हे त्याला त्या क्षणीही कळत होतं. न्यायाधीशाची आई याच्यापुढे काहीच नव्हती.

"कट."

बादली उचलून तो सेटच्या भिंतीमागे गेला. भिंत प्लायची. पलीकडे कुणी शिंकलं तरी ऐकू येई. बादलीत डोकं घालून तो उभा होता, तेव्हा पलीकडे सिनेमावाल्या बाई दिग्दर्शकाशी बोलत होत्या.

"गोड माणूस आहे. खाण्यावर काय जीव आहे हो त्याचा."

"हो ना. आम्हाला काही सांगावंच लागत नाही."

"तेच. मुळात तसाच आहे, म्हणून शोभतं. माझ्या कारकुनाला आत एक आणि बाहेर एक असायला हवं. याचं सगळं बाहेरच आहे."

बापूनं बादलीतून डोकं काढलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी त्याला मिळाली होती, आणि तिच्यासकट तो बाद झाला होता. शहाण्या माणसानं इथं तोंड धुतलं असतं, केस नीट केले असते, बाहेर येऊन नम्रपणे चार वाक्यं बोलला असता. बापू बादलीसकट बाहेर आला.

"बाई, मला मासा आवडत नाही."

"बरं," बाई हसून म्हणाल्या.

"तो रविवारचा आहे. त्याचा डोळा खोटा आहे. मी तिथं अभिनय करत होतो."

"छान करत होतात."

"नाही, तुम्हाला वाटतंय मी उगीच म्हणतोय. हे बघा." आणि त्यानं बादली पुढे धरली.

बाईंनी बघितलं. बघायचं नव्हतं, पण नाकाखालीच आली म्हटल्यावर काय करणार? त्या दोन पावलं मागे सरल्या, पिशवी छातीशी धरली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मात्र अस्सल होतं. दीड वर्ष बापू जे आत दाबत होता, ते त्यांनी अर्ध्या सेकंदात बाहेर करून दाखवलं.

"हे मला का दाखवताय तुम्ही?" त्या म्हणाल्या. उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. सासरे म्हणाले, "बाळ, पुरावा नेतात तो कोर्टात. तिथंसुद्धा झाकून." प्रॉपर्टीवाल्यानं त्याच्या हातातून बादली काढून घेतली.

तो घरी आला तेव्हा अजून ऊन होतं. आईनं भात टाकला होता, बटाट्याची साधी भाजी केली होती. हा काही खाणार नाही हे गृहीत धरून तिनं एकच ताट घेतलं होतं. बापूला काय वाटलं कोण जाणे. बाहेरच्या बाईला बादली दाखवून आल्यावर घरच्या बाईला निदान एक सुख द्यावं, असं काहीतरी. तो हात धुऊन बसला.

"वाढ मला."

आईनं वाढलं. बापू जेवायला लागला. घास हळूहळू फिरवला, डोळे मिटले, भुवया वर नेल्या, बोट चाटलं. "वा, आई. अजून वाढ."

आई हातातला डाव तसाच धरून बघत राहिली.

"झालं?" ती म्हणाली.

"काय झालं?"

"नाटक."

बापूचा घास गालात राहिला.

"तुला काही आवडलं ना, की तुझे कान हलतात. तुझ्या बाबांचेही हलायचे. आवडलेलं खाताना तू खाली मान घालून गप्प बसतोस, कुणी हाक मारली तरी ओ देत नाहीस. डोळे मिटून वा वा करणारा मुलगा मी नाही वाढवला. टीव्हीत एकदाही कान हलले नाहीत तुझे. पहिल्या दिवसापासून बघतेय."

"मग दीड वर्ष टोमणे कशाला मारत होतीस?"

"काय करू मग? वाटलं, चिडून तरी सांगशील, तिथं काय खायला घालतात ते."

मग त्यानं सांगितलं. ब्रश, तेल, ओलं फडकं, बादली, सगळं. आईनं डाव खाली ठेवला.

"मणी?"

"काळा."

"शी. आणि ते तुझ्या तोंडात?"

"मणी नाही गं. मासा."

"तेवढी तरी अब्रू राहिली." ती थोडा वेळ भिंतीकडे बघत बसली. शाळेत कुणाच्या डब्यात झुरळ निघालं तर ती अशीच बघत असणार. "आणि त्या सिनेमावाल्या?"

"त्यांना खरं वाटलं."

"म्हणजे चांगलं केलंस."

"फार चांगलं केलं. तिथंच माती खाल्ली."

"मला काही फार चांगलं नाही वाटलं," आई म्हणाली. "ते बोट चाटणं जास्त होतं. एवढं कुणालाच काही आवडत नसतं."

बापूनं मान वर केली. दीड वर्षात त्याच्या पचनाचं, भुकेचं, तब्येतीचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं. तुझ्या कामात अमुक एक गोष्ट चुकली, असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं.

"मग नको म्हणावं सरळ," आई म्हणाली.

"तिथं तसं नसतं. पहिल्या शॉटमध्ये एकदा खाल्लं, की पुढे सगळीकडे खावंच लागतं. वहीत लिहितात."

"आणि पहिल्यांदाच नाही खाल्लं तर?"

ती सहज बोलली आणि भात झाकायला उठली. बापू तसाच बसून राहिला. मग त्यानं ताटातला भात कालवला आणि खाली मान घालून जेवायला लागला. आईनं दोनदा काहीतरी विचारलं, त्यानं ओ दिली नाही. ती त्याच्या ताटाकडे बघत नव्हती. जरा बाजूला, कानांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी नवा प्रसंग होता. जेवणाचाच, पण नवा. मासाही नवा. नवा म्हणजे आज सकाळचा, परवापर्यंत टिकवायचा. थोरल्या सुनेला चारला निघायचं होतं, आणि दिवे लावता लावता पावणेचार झाले. लांबचा शॉट एकदाच मिळणार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिग्दर्शक घड्याळाकडे बघत म्हणाला, "बापू, नेहमीसारखं."

बादली जागेवर होती. संवाद सुरू झाले. सासूबाईंनी प्रेमानं शेपटीकडचा तुकडा वाढला. "जावईबापू, खास तुमच्यासाठी."

बापूनं ताटाकडे बघितलं. मग सासूबाईंकडे. तो हसला, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत त्यानं परत घेतलं. दोन बोटांनी ताट तसूभर पुढे ढकललं आणि डावा हात मांडीवर ठेवला.

"आज नको, आई."

हे लिहिलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं ढवळणारी माणसं एकदम ढवळायची थांबली. सासऱ्यांचा घास हवेत राहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी काळजी दिसली. थोरली सून मुरलेली नटी होती. तिनं कॅमेऱ्याकडे नाही, घड्याळाकडे नाही, बापूकडे बघितलं.

"का हो बापू? काही झालंय का?"

"कुठे काय? जेवा तुम्ही." एवढंच बोलून तो बसून राहिला. खांदे किंचित वाकलेले. काहीतरी पोटात घेऊन बसलेला माणूस बसतो तसा. काय घेऊन, ते त्याला ठाऊक होतं. बघणाऱ्याला कळेल एवढं तो दाखवत होता, आणि सांगत नव्हता.

दिग्दर्शकाचं तोंड उघडलं होतं, पण त्यातून "कट" निघेना. पाच मिनिटं उरली होती. थोरल्या सुनेची गाडी दारात सुरू झाली होती. शेवटी कट झाला. ती उठली, पदर सारखा केला आणि जाता जाता बापूच्या खुर्चीपाशी थांबली. "आधी सांगितलं असतंत, तर मीही काहीतरी करून आले असते," म्हणाली, आणि निघून गेली. शॉट पक्का झाला. दुसरा घ्यायला आता तीच नव्हती.

दिग्दर्शक सावकाश चालत आला. "बापू, याचं उत्तर मी वाहिनीला काय देऊ? का जेवला नाही जावई?"

"ते लेखकाला बघू द्या."

"आणि त्याला नाही सुचलं तर? तुलाच काढतील."

"काढू द्या," बापू म्हणाला. आवाज जरा कापला. तो अभिनय नव्हता.

सासरे वाकले. "सुटलास की मेलास रे?"

"उद्या कळेल."

"माझा घास हवेत राहिला तेव्हा कसा दिसलो मी?"

"खरे दिसलात."

म्हातारबुवा खुर्चीत सरळ बसले.

नोंदवाली वही घेऊन आली. चष्मा नाकावर चढवला, बापूकडे बघितलं, मग पानाकडे. पेन थोडं अडलं. आजवर त्या रकान्यात असं काही लिहायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

"जावई," ती वाचायला लागली. "डावा हात मांडीवर. ताट दोन बोटं पुढे. 'आज नको'नंतर हसणं, अर्धं. घास शून्य." तिनं मान वर केली. "बरोबर?"

"बरोबर."

"आता प्रत्येक वेळी एवढंच," ती म्हणाली.

प्रॉपर्टीवाल्यानं टेबलाखाली हात घालून बादली ओढली, आत बघितलं, आणि कोरडीच घेऊन गेला.